सॉफ्टनर घ्यायचा? आधी बाटलीभर पाणी तपासा

जड पाण्यावर हजारो रुपये घालण्याआधी थोडी केमिस्ट्री आणि थोडा हिशेब

बादलीच्या कडेला पांढरी रेघ, हीटरच्या रॉडवर खडूसारखा थर, शॅम्पू कितीही ओता पण फेस नाही, आणि मेसच्या मावशींची कायमची तक्रार, ‘पाणीच असं आहे, डाळ शिजतच नाही.’ अक्कलकुव्यात, तळोद्यात किंवा शहाद्यात रूम करून राहणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नाही. नवीन आहे तो यावर मोबाइलमध्ये दिवसभर दिसणारा इलाज. एक रील सांगते, केस गळतायत कारण पाणी जड आहे. दुसरी सांगते, नळाला ही नळकांडी लावा. तिसरी थेट घरभराचा वॉटर सॉफ्टनर दाखवते, तोही हप्त्यावर. मग घरी विषय निघतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात, कारण घरात सायन्स शिकलेले तुम्हीच!

तर घ्यायचा का? थोडक्यात उत्तर असं. भाड्याच्या रूमवर राहत असाल तर नाही. घर स्वतःचं, पाणी बोअरचं, गिझर आणि वॉशिंग मशीन दोन्ही आहे आणि पाण्याचा आकडा खरोखर मोठा आला, तर हिशेब करून घ्यायला हरकत नाही. पण आजारपणाच्या भीतीने घेत असाल तर थांबा. ज्या गोष्टींची भीती वाटायला हवी, त्या हे मशीन काढतच नाही.

आपलं पाणी जड का?

बोलताना आपण ‘जड पाणी’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ म्हटलंय, म्हणजे फेस न होणारं. (फिजिक्सवाल्यांचं जड पाणी वेगळं, ते अणुभट्टीत लागतं.) पाणी जमिनीत मुरताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय, सातपुड्याचा आपला पायथाही त्यातच येतो. त्यामुळे विहीर-बोअरच्या पाण्यात हे क्षार असणं ही आपल्या खडकाची रीतच आहे. पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतात, म्हणून पागोळ्याच्या पाण्याने डोकं धुतलं की केस मऊ लागतात.

या पाण्याने होणारे त्रास खरे आहेत. साबण कॅल्शियमशी जुळून चिकट पांढरा साका होतो, मग फेस कुठून येणार? पाणी तापवलं की काही क्षार घट्ट होऊन रॉडला, गिझरच्या कॉइलला चिकटतात. डाळीच्या दाण्यातलं पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होतं, म्हणून शिट्ट्या वाढतात. मावशी बरोबरच सांगत होत्या.

आकडा काय सांगतो?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे ‘आयएस १०५००’, २०१२ सालचं. त्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

आता सॉफ्टनरच्या जाहिरातीतला तक्ता आठवा. तिथे १८० च्या वर ‘अतिशय जड’ लिहून लाल रंग दिलेला असतो. हा तक्ता अमेरिकी वर्गीकरणाचा आहे. त्यात ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे अतिशय जड. म्हणजे १९० चं पाणी आपल्या मानकात आरामात बसतं, पण जाहिरातीत तेच लाल होतं. पाणी खोटं नाही आणि तक्ताही खोटा नाही. मात्र तो तक्ता साबण आणि पाइप यांच्या सोयीचा आहे, तब्येतीचा नाही, एवढं कुणी सांगत नाही.

मशीन करतं काय?

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. त्यांच्यावर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडायचं. मणी पुन्हा सोडियम घेतात आणि पकडलेले क्षार गटारात जातात. बस, एवढीच अदलाबदल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही. एक क्षार गेला, दुसरा आला. त्यामुळे टीडीएस मीटर दाखवून सॉफ्टनर विकणारा एक तर स्वतः गोंधळलाय, नाहीतर तुम्हाला गोंधळवतोय. दोन, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यातलं काहीही या मण्यांनी थांबत नाही. पावसाळ्यात कावीळ आणि हगवण पसरते ती जंतूंनी, आणि तिथे क्लोरीन किंवा उकळणंच कामाचं.

आरओ हा तिसराच प्रकार. तो क्षार काढतो, पण बरंच पाणी वायाही घालवतो. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको, असं म्हटलं होतं. आरओ, सॉफ्टनर आणि साधा फिल्टर ही तीन वेगळ्या दुखण्यांची तीन वेगळी औषधं आहेत. दुकानात मात्र ती एकाच फळीवर मांडलेली असतात.

वही काढा, हिशेब करू

चार माणसांचं घर घ्या. आंघोळ, कपडे, भांडी मिळून रोज ४०० लिटर पाणी. कठीणपणा ४०० धरू. (हा आकडा उदाहरणापुरता, तुमचा तुम्ही तपासून घाला.)

लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० लिटरमध्ये १६० ग्रॅम. महिन्याला जवळपास पावणेपाच किलो कठीणपणा काढायचा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो काढायला निदान १.१७ किलो मीठ लागतं, आणि प्रत्यक्षात दुप्पट किंवा जास्तच. म्हणजे महिन्याला साधारण १२ किलो मीठ. किलोला १५ रुपये धरले तर १८० रुपये महिना, वर्षाचे २,१६०.

आता मशीन. घरभराचे सॉफ्टनर साधारण १५-२० हजारांपासून सुरू होतात, ऑटोमॅटिक घेतला तर बरेच वर जातात. आपण ३० हजार धरू आणि मशीन दहा वर्षं टिकेल असं मानू, म्हणजे वर्षाला ३,०००. सर्व्हिसिंग आणि कधीतरी रेझिन बदलणं याचे वर्षाला हजार धरा. बेरीज ६,१६० रुपये, म्हणजे महिन्याला पाचशेच्या थोडं वर. शिवाय मणी धुण्याचं पाणी वेगळं. ऑटोमॅटिक मशीनला वीज आणि पाण्याचा दाबही लागतो. गच्चीवरच्या टाकीतून येणारा दाब पुरतो का, हे घेण्याआधी विचारा.

समोरच्या बाजूला काय वाचलं? साबणाचं गणित मजेदार आहे. एक ग्रॅम कठीणपणा सुमारे सहा ग्रॅम साबण खातो. २० लिटरच्या बादलीत आपल्या उदाहरणाप्रमाणे ८ ग्रॅम कठीणपणा आहे. म्हणजे अख्ख्या बादलीत फेस आणायचा तर जवळजवळ ५० ग्रॅम साबण, अर्धी वडी, फेस यायच्या आधीच संपली! पण थांबा, आपण अख्ख्या बादलीत साबण कालवतो कुठे? आंघोळीला वडी अंगावर लावतो. आणि कपडे आता बहुतेक घरी पावडरने धुतात. डिटर्जंटला जड पाण्याचा त्रास साबणापेक्षा पुष्कळ कमी होतो, कारण त्यात सोड्यासारखे पदार्थ आधीच घातलेले असतात. त्यामुळे साबणाची बचत खरी आहे, पण जाहिरातीत दिसते तेवढी मोठी नाही.

खरी बचत गिझर, सोलर आणि वॉशिंग मशीनची. दर वर्षा-दोन वर्षांनी कॉइल जात असेल, सोलरच्या तांब्याच्या नळ्या तुंबत असतील, तर मागच्या तीन वर्षांची दुरुस्तीची बिलं काढून बेरीज करा. ती वर्षाला सहा हजारांच्या आसपास जात असेल तर सॉफ्टनरचा विचार करा. हजार-दीड हजारच येत असेल तर विषय संपला.

रूमवाल्यांसाठी: नळकांडीचा हिशेब

घरभराचं मशीन रूमवर कुणी लावत नाही. विकलं जातं ते नळाला किंवा शॉवरला लावायचं छोटं फिल्टर, हजार-दोन हजारांचं. समजा, त्यात १०० मिलिलिटर चांगलं रेझिन भरलंय. कागदावरच्या कमाल क्षमतेने ते १० ग्रॅम कठीणपणा धरू शकतं. आपल्या उदाहरणातल्या एका बादलीत ८ ग्रॅम आहे. म्हणजे सव्वा बादलीत नळकांडी भरली! त्यानंतर रोज मिठाच्या पाण्यात भिजवणार आहात का? बऱ्याच शॉवर फिल्टरमध्ये तर रेझिन नसतंच. क्लोरीन आणि गाळ पकडणारा माल असतो. तो त्याचं काम करेल, पण पाणी मऊ करणार नाही.

रूमवर चालणारे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. रॉडवरचा थर काढायला लिंबूसत्व (दुकानात ‘सायट्रिक अॅसिड’ मागा) पाण्यात विरघळवून त्यात बंद रॉड तासभर बुडवून ठेवा. प्लग काढलेला असू द्या, हे सांगायची वेळ येऊ नये. कपडे वडीने धुवायचे तर बादलीत आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा घाला. शाळेत पाठ केलेली ती प्रक्रिया हीच. हा सोडा अंगाला मात्र लावू नका. डाळ भिजवायला आणि शिजवायला आधी उकळून, निवळून, वरून ओतून घेतलेलं पाणी वापरा. उकळल्यावर बायकार्बोनेटचा कठीणपणा खाली बसतो, आणि बेसाल्टच्या पाण्यात बहुतेक वेळा तोच जास्त असतो. केसांसाठी शेवटचे दोन तांबे याच पाण्याचे घ्या. पावसाळ्यात तर पत्र्याखाली बादली लावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ३० चौरस मीटर पत्रा आणि १० मिलिमीटरची सर, की ३०० लिटर मऊ पाणी फुकट. पहिल्या सरीचं तेवढं सोडून द्या, पत्रा धुतला जातो.

आणि तुरटी? तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही.

केस, त्वचा, मुतखडा

रील सर्वांत जास्त चालतात त्या याच तीन शब्दांवर. म्हणून यावर झालेलं संशोधन काय सांगतं, ते बघू.

ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर बसवला, काहींच्या नाही. कुणाच्या घरी मशीन आहे हे माहीत नसलेल्या नर्सनी त्वचा तपासली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्यांना माहीत होतं त्या पालकांना मात्र थोडं बरं वाटल्यासारखं झालं. मशीन महाग असलं की फरक ‘जाणवतो’, हे आपल्यालाही नवीन नाही.

केसांबद्दल २०१३ मध्ये कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी १५ जणींच्या केसांवर प्रयोग केला. जड पाण्यात आणि शुद्ध पाण्यात भिजवलेल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक सापडला नाही. नंतर पाकिस्तानात ७० पुरुषांच्या केसांवर झालेल्या अभ्यासात जड पाण्याने केस कमजोर होतात असं दिसलं. म्हणजे वाद अजून खुला आहे. पण दोन्ही प्रयोग कापलेला केस तुटतो किती, याचे होते. मुळापासून केस गळणं ही वेगळी गोष्ट. तिथे जेवण, झोप, आजारपण आणि आनुवंशिकता यांचा विचार आधी करावा लागतो. परीक्षेच्या काळात रोज एक वेळ वडापाव खाऊन नळाला दोष देणं सोपं आहे.

मुतखड्याची भीती तर घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याची मर्यादाच घातलेली नाही, कारण त्याने माणसाला अपाय होतो असा खात्रीचा पुरावा नाही. उलट पाण्यातून थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं. मुतखड्याला कमी पाणी पिणं हे मोठं कारण. मेमधल्या आपल्या उन्हात चव आवडत नाही म्हणून पाणीच कमी प्यायलात, तर जास्त नुकसान तिथे आहे.

सॉफ्टनरचं पाणी पिताना दुसरीच काळजी घ्यावी लागते. कठीणपणा ४०० असेल तर मऊ केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. तीन लिटर प्यायलात की ५५० मिलिग्रॅम. दिवसभराची शिफारस आहे २,००० च्या आत. घरात आजी-आजोबांना बीपी असेल तर हे लहान नाही. म्हणून सॉफ्टनर बसवलाच, तरी स्वयंपाकघराचा एक नळ त्याच्या आधीच्या पाइपवरून घ्या.

घरी येणारे ‘प्रयोग’

एक प्रयोग तुम्ही पाहिला असेल. विक्रेता दोन ग्लास पाणी घेतो, एक तुमचं आणि एक त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवतो. तुमचं पाणी क्षणात तपकिरी, त्याचं स्वच्छ. आई घाबरते. खरं तर तो रंग तुमच्या पाण्यातला नसतो, लोखंडी सळीच विरघळून आलेला गंज असतो तो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते म्हणून सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज जात नाही, रंग येत नाही. त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि प्रयोग पुन्हा करायला सांगा. पुढचं बघण्यासारखं असतं.

मिठाचं पाणी जातं कुठे?

आपल्या हिशेबात वर्षाला जवळपास १४४ किलो मीठ मशीनमध्ये जातं. ते गायब होत नाही. कुठे परसातल्या शोषखड्ड्यात जातं, कुठे गटारातून नाल्यात. सोडियमने जमीन चोपण होते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगायला नको. आणि शोषखड्ड्यापासून थोड्या अंतरावर तुमची किंवा शेजाऱ्याची बोअर असतेच.

ही भीती हवेतली नाही. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात घरोघरच्या सॉफ्टनरचं मीठ नदीत वाढलं आणि खालच्या भागातल्या स्ट्रॉबेरी-अॅव्होकॅडोच्या बागांचा प्रश्न उभा राहिला. २००८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून मिठावर चालणारे घरगुती सॉफ्टनर काढायला लावले. एका घराचा उपाय शंभर घरांनी केला की तोच गावाचा त्रास होऊ शकतो.

तपासणी कुठे आणि प्रश्न कुणाला?

अंदाजासाठी घरचा प्रयोग आहे. बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साध्या साबणाचा कीस टाका, झाकण लावून हलवा. फेस टिकला तर मऊ, दुधाळ साका झाला तर जड. बरोबर शेजारी उकळून निवळलेल्या पाण्याची बाटली ठेवली तर फरक लगेच कळतो.

नेमका आकडा हवा असेल तर तुमच्या कॉलेजची केमिस्ट्री लॅब आहे. ईडीटीए टायट्रेशन तुम्ही किंवा तुमच्या सीनियर्सनी केलंच असेल, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून लालसर रंगाचा निळा होतो तेच. सरांना-मॅडमना विचारा आणि घरचं पाणी घेऊन जा. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतूंसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती आधी मागून घ्या.

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने, आणि तेही ठरलेल्या गुणवत्तेचं, असं त्यात म्हटलंय. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याचं जाहीर झालं. या योजनेत दर गावात पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटने पाणी तपासायला शिकवायचं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, किट कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली? ग्रामपंचायतीला पाण्याच्या सर्वेक्षणात हिरवं कार्ड मिळालं, पिवळं की लाल? जलसुरक्षक टीसीएल पावडर रोज टाकतो का? हे विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि हे अक्कलकुव्यात जास्तच लागू आहे. या तालुक्याच्या एका टोकाला नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पाणी पसरलंय. त्याच तालुक्यात डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात झऱ्यातून तांब्या-तांब्याने हंडा भरण्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ज्याची ऐपत आहे त्याने मशीन बसवायचं आणि ज्याची नाही त्याने जे येईल ते प्यायचं, अशी वाटणी झाली तर नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल ग्रामसभेत बोलणारे लोकही कमी होत जातील. हा तालुका पेसा क्षेत्रात आहे, इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. पण ते वापरायला कुणीतरी आकडे घेऊन उभं राहावं लागतं.

चौकट: घ्यायचा की नाही?

- कठीणपणा २०० च्या आत: नको.
- २०० ते ४००: आधी सोडा, लिंबूसत्व, पावसाचं पाणी. दुरुस्तीची बिलं मोठी असतील तरच हिशेब करा.
- ४०० च्या वर, स्वतःचं घर, गिझर-सोलर-वॉशिंग मशीन: विचार करा. पिण्याचा नळ वेगळा ठेवा, मिठाचं पाणी बोअरपासून लांब सोडा.
- ६०० च्या वर: पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा.
- भाड्याची रूम: नको.
- केस गळतात म्हणून: आधी डॉक्टर.

पुढच्या प्रॅक्टिकलला एक काम करा. वर्गातल्या प्रत्येकाने आपापल्या गावातून, पाड्यातून एक बाटली पाणी आणायचं. बाटलीवर गावाचं नाव, विहीर की बोअर की नळ, आणि तारीख. तीस जणांनी आणल्या तर तीस ठिकाणांचे आकडे एका दुपारी हातात येतील. पावसाळ्याआधी एकदा करा आणि नंतर एकदा. आलेले आकडे येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. घरी सॉफ्टनरचा विषय पुन्हा निघेल तेव्हा तोच कागद तिथेही कामाला येईल.